बारा पोरं, एक बादली बॉल आणि दीड तास: लहान मुलांच्या बेसबॉल प्रॅक्टिसचं प्लॅनिंग

प्रश्न थोडक्यात असा होता: न्यू जर्सीत राहतो, मुलगा ९ वर्षांचा, रेक लीगच्या (गावातल्या हौशी लीगच्या) फॉर्मवर 'व्हॉलंटियर' समोर टिक केली आणि लीगने थेट हेड कोच करून टाकलं, टीममध्ये १२ पोरं, आठवड्यात एकच प्रॅक्टिस तीपण दीड तासाची, मी स्वतः फक्त क्रिकेट खेळलोय, तर प्रॅक्टिस प्लॅन कशी करायची?

अभिनंदन आणि सहानुभूती, दोन्ही घ्या. मीपण त्याच टिकमार्कमुळे अडकलो, त्याला आता आठ सीझन झाले, टी-बॉलपासून (टी नावाच्या दांड्यावर बॉल ठेवून मारायचं, सगळ्यात लहान पोरांचं बेसबॉल) १२ वर्षांच्या मेजर्स गटापर्यंत सगळं करून झालंय, आणि त्याआधी बेसबॉल म्हणजे चॅनल बदलताना मधेच दिसणारा खेळ एवढीच ओळख. सांगलीत टेनिस बॉलवर वाढलेला माणूस मी. त्यामुळे 'आपल्याला खेळ येत नाही' याचं टेन्शन घेऊ नका, ९ वर्षांच्या पोरांना लागतं तेवढं बेसबॉल चार संध्याकाळी व्हिडिओ बघून येतं. कुणी सांगत नाही ते वेगळंच असतं, ते म्हणजे १२ पोरांना ९० मिनिटं कामाला कसं लावायचं.

माझी पहिली प्रॅक्टिस सांगतो. मी माउंडवर (पिचर उभा राहतो तिथे), शेजारी बॉलची बादली, एक पोरगा बॅटिंगला आणि बाकीचे अकरा फिल्डिंगला पसरलेले, अगदी आपल्या गल्लीत असायचं तसंच. मी टाकतोय, त्यातले अर्धे माझेच वाइड, मग हेल्मेट बदला, हरवलेला ग्लोव्ह शोधा, बॉल गोळा करा, असं करत एकेकाला पाच मिनिटं जायची. बारा पंचे साठ. म्हणजे तासाभरात प्रत्येकाने पाच मिनिटं बॅटिंग केली आणि पंचावन्न मिनिटं नुसता उभा राहिला. राइट फिल्डमधला एक पोरगा खाली बसून डँडेलायनची पिवळी फुलं तोडून ग्लोव्हमध्ये भरत होता, मी त्याच्यावर ओरडलो. घरी जाताना गाडीत डोक्यात प्रकाश पडला की त्या पोराकडे तासभरात एकही बॉल गेलेला नाही, तो फुलं तोडणार नाही तर काय करणार बिचारा.

तेव्हापासून मी प्रॅक्टिस एकाच मापाने मोजतो, प्रत्येक पोराच्या हाताला किती वेळा बॉल लागला, पकडला टाकला मारला काहीही चालेल. तुम्हीपण एकदा करून बघा, एखाद्या पालकाला कोपऱ्यात बसवा, एक मध्यम खेळणारा पोरगा निवडायला सांगा आणि त्याने किती वेळा बॉलला हात लावला ते गुपचूप मोजायला सांगा. माझ्याकडे पहिल्यांदा मोजलं तेव्हा आकडा तीसच्या आतला निघाला, लाजच वाटली. आता दीडशेच्या खाली गेला तर मला चुकल्यासारखं होतं. लिटल लीगची (लहान मुलांच्या बेसबॉलची संस्था, तिचेच नियम पुढे येतील) मॅच ६ इनिंगची असते, त्यात एका पोराला दोन-तीनदा बॅटिंग मिळते आणि आउटफिल्डला असेल तर कधी कधी एकही बॉल येत नाही, म्हणजे मॅचमधून पोरगा शिकेल हे विसराच, जे काय व्हायचं ते या दीड तासातच.

मी आदल्या रात्री एका पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर वेळा लिहून खिशात ठेवतो, पेन्सिलने, पेनने लिहिलं तर पावसात सगळं पसरतं. सहाला सुरू असेल तर ६:०० ते ६:१० पळापळी, ६:२५ पर्यंत थ्रोइंग, मग १२-१२ मिनिटांचे तीन स्टेशन, पाणी, ७:०५ ला सगळ्या टीमचं मिळून एक काम, ७:१५ पासून शेवटपर्यंत गेम. एप्रिलच्या मध्याला आपल्याकडे साडेसातला अंधारायलाच लागतं त्यामुळे शेवटी ओढाताण करून उपयोग नाही. आणि काही चांगलं चाललंय म्हणून लांबवू नका, १२ मिनिटं झाली की शिट्टी, पोरांना अजून हवं असतानाच थांबवलं की पुढच्या आठवड्यात ती स्वतःहून तिकडे पळतात.

पळापळी म्हणजे ग्राउंडला राउंड मारणं नव्हे, ते आपल्या शाळेतल्या पीटीच्या सरांचं काम होतं. इथे बेसवर पळायचं. होमपासून (जिथे उभं राहून बॅटिंग करतात) फर्स्ट, आणि फर्स्टवर थांबायचं नाही, बेसवर पाय देऊन सरळ पुढे निघून जायचं. हे पोरांना आणि आपल्याला दोघांनाही विचित्र वाटतं कारण सेकंड आणि थर्डवर पुढे गेलं की टॅग करून आऊट करतात आणि फर्स्टवर मात्र चालतं. दुसऱ्या फेरीत फर्स्टला वळसा घेऊन सेकंड. आणि पळण्याआधी बॅट खाली टाकायची! हे क्रिकेटवाल्यांच्या पोरांना मुद्दाम शिकवावं लागतं, माझा मुलगा पहिल्या मॅचमध्ये बॅट घेऊन फर्स्टला पोचला आणि वर ती क्रीजमध्ये टेकवतात तशी बेसवर टेकवली. अख्खं डगआउट (टीम बसते ती जागा) हसलं, मला मात्र फार अभिमान वाटला. फक्त बॅट टाकायची म्हणजे भिरकवायची नाही, मागे कॅचर आणि अंपायर असतात.

आता थ्रोइंग. इथे मी सगळ्यात जास्त जीव लावतो, कारण या वयाच्या मॅच थ्रो आणि कॅचवरच हरतात जिंकतात, बॅटिंगवर नाही. एक ग्राउंडर (जमिनीवरून आलेला बॉल), एक चुकलेला थ्रो, तो आणायला दोघं पळाले, त्यांचा पण थ्रो चुकला, की साध्या बॉलवर होम रन.

सगळ्या जोड्या फाउल लाइनला (मैदानाच्या बाजूच्या रेषेला) समांतर दोन ओळीत लावा म्हणजे सुटलेले बॉल एकाच दिशेला जातात आणि कुणाच्या डोक्याला मागून बॉल लागत नाही. जोड्या मित्रामित्रांच्या लावू नका, जोरात टाकणारा जोरात टाकणाऱ्याबरोबर आणि घाबरणारा घाबरणाऱ्याबरोबर. बॉल पकडायचा कसा, तर शिवणीचा जो घोड्याच्या नालेसारखा भाग दिसतो त्यावर दोन बोटं आडवी आणि अंगठा खाली, याला फोर-सीम म्हणतात, असा टाकला की बॉल सरळ जातो. ग्लोव्ह असलेला खांदा समोरच्याकडे, पाऊल समोरच्याकडे, निशाणा छातीवर. पहिली दोन-तीन मिनिटं अगदी जवळून, मग दर थोड्या वेळाने दोन पावलं मागे. पकडताना कमरेच्या वर आला तर ग्लोव्हची बोटं आकाशाकडे, खाली आला तर जमिनीकडे, एवढंच वाक्य सीझनभर बोला, तिसऱ्या आठवड्यात पोरं तुमची नक्कल करायला लागतात, म्हणजे काम झालं.

ग्लोव्हवरून आठवलं, उजव्या हाताने टाकणाऱ्या पोराला ग्लोव्ह डाव्या हाताचा लागतो. हसू नका, मी स्वतः उजव्या हातात घालायचा आणून ठेवला होता, आणि दर वर्षी आपल्यातला एकतरी बाबा ही चूक करतोच. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे ग्लोव्ह बघून घ्या, नवीन कडक ग्लोव्ह असेल तर पोराला तो मिटताच येत नाही आणि आपण मात्र 'कॅच कर कॅच कर' म्हणून ओरडत बसतो.

तुमच्या टीममध्ये दोन-तीन पोरं बॉल आला की मान फिरवणारी असणारच. तेव्हा 'घाबरू नको' म्हणून काहीही होत नाही. माझ्याकडे एक होता, डोळे घट्ट मिटून ग्लोव्ह तोंडासमोर धरायचा. त्याला बाजूला घेतलं, ग्लोव्ह काढायला लावला आणि टेनिस बॉल हातानेच पकडायला दिला, खालून हळू टाकत, आधी छातीपर्यंत मग डोक्यावर उंच. मग तोच टेनिस बॉल ग्लोव्हमध्ये, मग मऊ सेफ्टी बॉल, शेवटी खरा. तीन आठवडे लागले, रोज पाच-सात मिनिटं, बाकीचे बघणार नाहीत अशा कोपऱ्यात. पहिला खरा कॅच घेतला तेव्हा त्याने बॉल मला परतच दिला नाही. खरा बेसबॉल १४० ग्रॅमच्या आसपास असतो, सीझन बॉलपेक्षा थोडा हलका, पण एप्रिलच्या थंडीत तळव्यावर बसला की मोठ्या माणसाला पण कळवळायला होतं, त्यामुळे थंडीच्या दिवसात मऊ बॉल वापरायला मागेपुढे बघू नका.

मग स्टेशन. १२ पोरं, चार-चारचे तीन ग्रुप, प्रत्येक स्टेशनवर एक मोठा माणूस. मोठी माणसं कुठून आणायची? पालक. पार्किंगमध्ये गाडीत बसून फोन बघणारे तीन-चार जण असतातच, त्यांना ईमेल करून 'मदत हवी' म्हटलं तर कुणी येत नाही, पण जवळ जाऊन बादली हातात दिली की कुणी नाही म्हणत नाही. त्यांना एकच काम आणि एकच वाक्य द्या. 'तुम्ही बॉल घरंगळत सोडायचा आणि ढुंगण खाली, ग्लोव्ह जमिनीला, एवढंच बोलायचं.' नाहीतर प्रत्येक बाबा आपली वेगळी थिअरी सुरू करतो आणि पोरगा चार मिनिटांत चार स्विंग बदलतो. (लीगचं बॅकग्राउंड चेक झालेलेच पालक मैदानात घ्या, आणि तुम्ही स्वतः न्यू जर्सीतले व्हॉलंटियर आहात तर रटगर्स विद्यापीठाचा तो तीन तासांचा सेफ्टी कोर्स करून टाका, उद्या काही झालं तर कायद्याने थोडं संरक्षण मिळतं.)

बॅटिंग स्टेशनला मी पिचिंग करतच नाही. दोन टी, दोन नेट, दोन जोड्या. एक मारतो, दुसरा बॉल ठेवतो, सहा मिनिटांनी बदली. एवढ्यात प्रत्येकाचे सहज ३५-४० स्विंग होतात, माझ्या त्या पहिल्या प्रॅक्टिसच्या आठपट. टी पोटासमोर ठेवू नका, पुढच्या पायाच्या किंचित पुढे ठेवा, बॉल तिथेच लागायला हवा. दर दुसऱ्या आठवड्यात टी काढून प्लॅस्टिकचे भोकाचे विफल बॉल बाजूने किंवा समोरून हळू टाकायचे, ते लांब जात नाहीत, कुणाला लागत नाहीत आणि गोळा करायला अर्धा मिनिट. आणि आपली क्रिकेटची अक्कल इथे जरा गप्प ठेवावी लागते. मी पहिल्या वर्षी सवयीने 'एल्बो अप, स्ट्रेट बॅट' सांगत होतो, पोरं बिचारी डिफेन्स करायला लागली. कमरेच्या उंचीच्या बॉलवर पुल मारताना कंबर आधी फिरते आणि मागून बॅट आडवी येते, ती भावना जवळची आहे, पोरांना पुल वगैरे कळणार नाही पण तुम्हाला स्वतःला समजायला बरं.

बॅटबद्दल एक नियम कडक पाळा. लिटल लीगमध्ये १२ वर्षांपर्यंत ऑन-डेक नसतं, म्हणजे पुढचा नंबर असलेल्यानेसुद्धा बॅट हातात घेऊन उभं राहायचं नाही. प्रॅक्टिसलापण तसंच, ज्याची पाळी त्याच्याच हातात बॅट, तीपण हेल्मेट घालून, बाकी सगळ्या बॅट कुंपणाला लावलेल्या. लहान पोरांना बॅट दिसली की फिरवायचीच असते आणि मागे कोण उभाय हे बघायची अक्कल त्या वयात नसते. बॅटवर यूएसए बेसबॉलचा शिक्का हवा, २०१८ पासून तो लागतो. आणि बाबांना हौस म्हणून जड बॅट घेऊ देऊ नका, २८ इंची ड्रॉप १० (इंचांच्या आकड्यापेक्षा औंस १० ने कमी) म्हणजे १८ औंस, या वयाला बहुतेकांना तेवढी खूप झाली.

ग्राउंडरच्या स्टेशनला बॅटने मारत बसू नका, आपल्याला नीट मारता येत नाही आणि वेळ जातो. हाताने घरंगळत सोडा, समोर, मग डावीकडे, मग उजवीकडे. चौघं एका रांगेत उभे करायचे नाहीत, दोन-दोनच्या जोड्या, दोघं एकमेकांना सोडतात, मोठा माणूस फक्त बघतो. तिसरं स्टेशन दर आठवड्याला बदलतं, कधी उंच बॉल, कधी स्लाइडिंग ओल्या गवतावर पुठ्ठा टाकून, कधी कॅचरसाठी बॉल अडवणं. हेडफर्स्ट स्लाइड शिकवू नका, लिटल लीगच्या या वयात पुढच्या बेसकडे जाताना डोकं पुढे घालून उडी मारली तर आऊटच देतात.

७:०५ च्या टीमच्या कामात एका दिवशी एकच गोष्ट. माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती, एकाच संध्याकाळी कटऑफ, डबल प्ले (एकाच बॉलवर दोन आऊट), बंट सगळं. ९ वर्षांच्या पोरांना एप्रिलभर एवढं कळलं तरी पुष्कळ की कधी नुसता बेसवर पाय दिला की आऊट आणि कधी अंगाला बॉल लावायलाच हवा. हा फोर्स आऊट मला स्वतःला दोन वर्षं कुणाला समजावता येत नव्हता, मग संगीत खुर्ची आठवली. मागून कुणी तुझ्या खुर्चीकडे येत असेल तर तुला उठून पळावंच लागतं, मग समोरच्या खुर्चीवर बॉल आधी पोचला की तू गेलास. मागून कुणीच येत नसेल तर तू आरामात बसू शकतोस, मग तुला आऊट करायचं तर अंगालाच बॉल लावावा लागेल. खरोखर चार पोरांना बेसवर उभं करून चालवून दाखवा, फळ्यावर बाण काढून काही कळत नाही.

याच्याच जोडीला उंच बॉलवर रनरने थांबायचं कसं ते, कारण कॅच झाला तर त्याला आपल्या बेसवर परत यावं लागतं. इथे आपल्या घरचे नडतात. मागे एका पोराचे आजोबा साताऱ्याहून सहा महिने आलेले, रोज कुंपणाला खुर्ची लावून बसायचे, फार गोड माणूस, पण बॉल हवेत गेला रे गेला की 'पळ पळ पळ!' आणि नातू ऐकायचा फक्त त्यांचं. कॅच झाला, बॉल परत फर्स्टला, हा सेकंडच्या पुढे, डबल प्ले. शेवटी मी आजोबांनाच सांगितलं की तुम्ही थर्ड बेसचे कोच, बॉल हवेत असला की 'थांब' ओरडायचं आणि जमिनीवर पडला की 'पळ'. त्यानंतर आमच्या टीमचा एक पण रनर तसा आऊट झाला नाही, सगळी पोरं, त्यात आयरिश, कोरियन, पंजाबी सगळे आले, 'थांब' म्हणजे काय हे शिकली.

शेवटची १५ मिनिटं गेम. त्यात शिकवायचं नाही. कोच पिचिंग करतो, प्रत्येकाला तीनच बॉल, त्यातला कुठलाही लागला की पळायचं, सहा जण विरुद्ध सहा, तीन आऊट झाले की धावत बदली. पोरं सगळा दिवस याच्यासाठी आलेली असतात, प्रॅक्टिस उशिरा सुरू झाली तर मी एक स्टेशन कापतो पण गेम कापत नाही.

पिचिंगचं वेगळं बोलायला हवं. टीममधल्या पाच-सहा जणांना तरी पिचिंग शिकवा, एकट्या 'स्टार' वर भागवू नका. होमपासून अंतर ४६ फूट असतं पण सुरुवात ३५ वर करा, स्ट्राइक (बॅटरला मारता येतील असे बॉल) पडायला लागल्या की मागे न्या. लिटल लीगमध्ये ९-१० वर्षांच्या पोराला दिवसाला ७५ च्या वर पिच (म्हणजे बॅटरला टाकलेले बॉल) टाकता येत नाहीत, २० पर्यंत टाकल्या तर सुट्टी लागत नाही, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ पासून पुढे चार दिवस आराम. ४० च्या वर टाकल्या तर त्या दिवशी त्याला कॅचर पण करायचं नाही. हे आकडे मॅचचे आहेत पण हाताला मॅच आणि प्रॅक्टिस वेगळी कळत नाही, त्यामुळे शनिवारी मॅच असेल तर मी गुरुवारी त्या पोराला २० च्या वर टाकू देत नाही. या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून वाढत असतं आणि जास्त टाकून तिथेच दुखणं सुरू होतं. कर्व्ह बॉल (हवेत वळणारा) शिकवा म्हणून एखादा बाबा मागे लागेलच, पण फास्टबॉल आणि चेंजअप (तसाच दिसणारा पण हळू), बस. आणि सरळ विचारा की पोरगा दुसऱ्या ट्रॅव्हल टीममध्ये (बाहेरगावी जाऊन खेळणाऱ्या) पण पिचिंग करतो का, कारण तिकडचे पिच कुणी तुम्हाला आपणहून सांगत नाही. कोपर दुखतंय म्हणाला की त्या दिवसापुरतं बंद, 'थोडंसंच दुखतंय' असं म्हणाला तरी बंद, आणि दुसऱ्या दिवशी पण राहिलं तर डॉक्टर.

मे-जूनमध्ये ढग आले की लक्ष ठेवा. गडगडाट ऐकू आला की सगळे गाड्यांमध्ये, डगआउटमध्ये नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं, म्हणजे व्यवहारात प्रॅक्टिस संपलीच.

राहिला स्वतःचा मुलगा. तुम्ही हे विचारलं नाही पण विचाराल. एकतर आपण त्याला जास्त ओरडतो नाहीतर शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्डच्या मधली मोक्याची जागा) त्यालाच उभं करतो, मी दोन्ही केलंय. आता त्याच्या ग्रुपचं स्टेशन मी कधीच घेत नाही, दुसऱ्या पालकाला देतो आणि मी त्यांच्या मुलाला शिकवतो, दोन्ही पोरं जास्त ऐकतात. मैदानात तो मला कोच म्हणतो, गाडीचं दार लागलं की बाबा, आणि गाडीत त्याने विषय काढला तरच बेसबॉल.

सामान फार लागत नाही, लीग देते त्यावर दोन डझन विफल बॉल, डझनभर टेनिस बॉल, एक जास्तीचा टी आणि थोडे कोन, बर्फाच्या पिशव्या विसरू नका. आणि जाण्याआधी बॉल मोजा. आमच्या बादलीत ३६ येतात आणि परत ३३ जातात, उरलेले थर्ड बेसच्या मागच्या ओढ्यात नाहीतर झुडपात. ते मी शोधत नाही, पोरांना सांगतो की जो शोधून आणेल तो पुढच्या वेळी गेममध्ये पहिला बॅटिंगला, मग बघा, दीड तास खेळून दमलेली बारा पोरं त्या झुडपात कशी घुसतात. मागच्या मंगळवारी ३६ चे ३८ झाले, दोन बॉल कुणाचे होते देव जाणे.